आधी गाव विचारा

आमच्या रुग्णालयात मेंटॉर कशी निवडतात ते सांगते. मेट्रन मॅडमच्या टेबलावर वरून एक कागद येतो. त्यात सरकारी हिंदीत लिहिलेलं असतं की प्रत्येक नवनियुक्त परिचारिकेला अनुभवी परिचारिकेचं मार्गदर्शन मिळालं पाहिजे. त्या घटकेला केबिनच्या दारासमोरून जी जात असेल ती अनुभवी. मी तर समोरून जात नव्हते, चांगली आतच शिरले होते, हातात रजेचा अर्ज घेऊन. अर्ज टेबलावर राहिला आणि मी मेंटॉर होऊन बाहेर पडले.

रुग्णालयाचं नाव विचारू नका, पगार तिथूनच होतो. घर मात्र बरखेड्यात आहे, भोपाळच्या भेल टाउनशिपमध्ये, आणि ते सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्याला बरखेडाही थोडाफार जबाबदार आहे. हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आताचं भेल, ही कंपनी 1956 साली निघाली. यंत्रांचं ज्ञान इंग्लंडच्या एईआय कंपनीकडून आलं आणि माणसं आली केरळातून, बंगालमधून, पंजाबातून आणि आमच्या अमरावती-नागपूरकडून. माझे बाबा त्यातलेच. मोटारींच्या वाइंडिंगवर होते. त्यांचा उस्ताद म्हणे बोलायचाच नाही, नुसता हात पुढे करायचा, आणि त्या हातात भलता पाना पडला की त्याचा चेहरा बघून कळायचं. आमच्या क्वार्टरच्या डावीकडे मल्याळी, उजवीकडे बंगाली, मागे बुंदेलखंडी. त्यामुळे माझं मराठी हिंदी वळणाचं, हिंदी मराठी वळणाचं, आणि वैतागले की तोंडून मल्याळी निघतं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी रायसेन जिल्ह्यातली. बीएस्सी नर्सिंग, मार्क उत्तम, वेणी लांब, बोलणं आखूड. वॉर्डात सगळे तिला 'नई' म्हणायचे, म्हणून आपणही इथे तिला नवीच म्हणू. पहिल्या दिवशी मी तिला खुर्ची देऊन, आवाजात शक्य तितकं मार्दव आणून म्हटलं, "कुछ भी पूछना हो, बेझिझक पूछना." ती म्हणाली, "जी मैडम." आणि विचारलं काही नाही. दुसऱ्या दिवशी "जी मैडम", तिसऱ्या दिवशी "जी मैडम". सलाईन संपत आलंय का, जी मैडम. घरची आठवण येते का, जी मैडम. माझी मेंटॉरगिरी हिला लागू पडत नाहीये असं मला वाटू लागलं. एखाद्या शहाण्या बाईने अशा वेळी मुलीला तिचं तिचं काम करू दिलं असतं. मी लायब्ररीत गेले.

वाचायची मला खोडच आहे. जिन्यावरून घसरले तर मी आधी जिन्यांवरचं पुस्तक शोधेन. आता नर्सिंगमधल्या मार्गदर्शनावर वाचायचं म्हटलं की पहिलं नाव येतं पॅट्रिशिया बेनर यांचं. 'फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट', 1984. कल्पना मुळात बर्कलीच्या ड्रायफस बंधूंची. एक भाऊ तत्त्वज्ञ, दुसरा गणितातला. बुद्धिबळ खेळणारे आणि विमान चालवणारे यांच्याकडे पाहून त्यांनी सांगितलं की कसब पाच पायऱ्या चढत येतं. नवशिका नियम धरून चालतो. मग थोडा सरावलेला, मग कामापुरता तयार, मग जाणता, आणि शेवटी तज्ज्ञ. तज्ज्ञाला नियम आठवावे लागत नाहीत, त्याला समोरचं सगळं एकदम दिसतं. बेनरबाईंनी नव्या आणि मुरलेल्या परिचारिकांना एकाच प्रसंगाबद्दल वेगवेगळं बसवून विचारलं आणि ही शिडी उचलून वॉर्डात आणली. नवी सिस्टर नाडी मोजते, बीपी घेते, तक्ता भरते. मुरलेली सिस्टर दारातूनच म्हणते, "सात नंबरचं लक्षण बरं दिसत नाही, डॉक्टरांना बोलवा," आणि कशावरून, ते तिला सांगता येत नाही.

हे वाचलं आणि मी स्वतःला थेट पाचव्या पायरीवर नेऊन बसवलं. कशावरून ते मलाही कधीच सांगता येत नाही. संध्याकाळी घरी जाहीर केलं की मी तज्ज्ञ आहे. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे जिला रजा मिळत नाही ती ना?"

त्याच पुस्तकात एक मुद्दा होता की तज्ज्ञाला परत नियमावर बोट ठेवून चालायला लावलं तर त्याचं काम बिघडतं. त्याला मी पेन्सिलीने खूण केली. मी खूण केली म्हणजे ते मी विसरणार हे ठरलेलं.

मग हाती लागल्या लू अ‍ॅन डार्लिंग. आडनाव प्रेमळ, मजकूर तसा नाही. 1980 च्या दशकात या बाईंनी विषारी मेंटॉरांचे प्रकार पाडले. टाळणाऱ्या, ज्या गरजेच्या वेळी सापडतच नाहीत. लोटणाऱ्या, ज्या नवख्या मुलीला खोल पाण्यात ढकलतात आणि काठावर चहा पितात. अडवणाऱ्या, ज्या माहिती हातची राखून ठेवतात किंवा उलट इतक्या डोक्यावर बसतात की पोरीला श्वास घेता येत नाही. आणि मोडून काढणाऱ्या, ज्या चारचौघांत पाणउतारा करतात. माझ्या उमेदीच्या काळातल्या एक इन्चार्ज सिस्टर चौथ्या प्रकारातल्या होत्या हे मला पहिल्याच ओळीत उमगलं. चादरीचा कोपरा नीट दुमडला नाही म्हणून त्यांनी राऊंडच्या वेळी, डॉक्टरांसमोर, माझ्याकडून अख्ख्या रांगेच्या चादरी पुन्हा घालून घेतल्या होत्या. त्याच सुमारास, 1986 साली, अमेरिकेत ज्युडिथ माइस्नर या नर्सिंग शिक्षिकेने एका लेखात विचारलं होतं, की आपण नर्सेस आपलीच पिल्लं खातो आहोत का? ते वाक्य तिकडे म्हणीसारखं झालं. आमच्याकडे कोणी खात नाही. चघळतात.

मी मात्र या चौघींत कुठेच बसत नाही याची मला खात्री होती, आणि ती खात्री कपाट उघडेपर्यंत टिकली. आमच्या वॉर्डात बीपीची मशीनं तीन, त्यातलं खरं बोलणारं एक. ते मी माझ्या कपाटात ठेवते आणि त्यावर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत 'खराब' लिहून ठेवलं आहे. त्यामुळे शेजारच्या वॉर्डची कोणी ते 'पाच मिनिटांसाठी' उचलून नेत नाही. ही व्यवस्था मी नवीला सांगितली नव्हती. ती बिचारी बाकीच्या दोन मशीनांनी बीपी घेई, एकावर 90 येई, एकावर 140, आणि ती मधलं काहीतरी लिहावं की काय अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघे. डार्लिंगबाईंच्या भाषेत हे माहिती राखून ठेवणं. माझ्या भाषेत स्टोअर सांभाळणं. पण त्या रात्री झोप नीट लागली नाही, आणि सकाळी मी मशीनचं गुपित नवीच्या कानात सांगून टाकलं. ती म्हणाली, "जी मैडम." या खेपेला डोळ्यांत किंचित चमक होती.

खरी अडचण पुस्तकांत नव्हतीच, ती भिंतीवर टांगलेली होती. ड्यूटी चार्ट! नवीला नाईट तेव्हा मला मॉर्निंग, मला ईव्हनिंग तेव्हा तिचा ऑफ. आमची गाठ पडायची हँडओव्हरला, जेव्हा एक जण पेंगलेली असते आणि दुसरी घाईत. नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष असा, की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी आणि इतरत्र पाच खाटांमागे एक. आमच्याकडे रात्री खाटा तेवढ्या मोजायच्या, आपण किती जणी आहोत ते मोजायचं नाही असा शिरस्ता आहे. कॅथी क्रॅम या अभ्यासक बाईंनी 1983 साली मेंटॉर आणि तिच्या शिष्येच्या नात्याच्या चार अवस्था सांगितल्या: सुरुवात, मशागत, ताटातूट आणि मग बदललेलं नातं. आमची ताटातूट चार्टने पहिल्याच आठवड्यात उरकली होती. सुरुवात तेवढी राहून गेली होती.

तेव्हा मी ठरवलं, मशागत घरी करायची. रविवारी दोघींना सुटी होती. तिला सांगितलं, "बरखेड़ा आ जाना, ग्यारह बजे."

इथे बरखेड्याने आपला वाटा उचलला. भोपाळ जिल्ह्यात 'बरखेडा' अशी हाक मारली तर निदान चार ठिकाणांहून ओ येते. एक आमचा टाउनशिपमधला. बरखेडा पठानी एम्सच्या अंगाला. बरखेडा नाथू भलतीकडे, बरखेडा बोंदर त्याहून भलतीकडे. नर्सच्या डोक्यात आधी एम्सच येणार, त्यामुळे नवी बरखेडा पठानीला उतरली आणि तिथल्या लोकांना माझं नाव विचारत फिरली. हँडओव्हरच्या वेळी मीच मुलींना दटावत असते की अर्धवट नोंद म्हणजे नोंदच नाही, पेशंटचं नाव, बेड, वेळ, सगळं लिहा. माझी पहिली लेखी सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर अशी होती: 'बरखेडा. 11.' ती उन्हातून चालत आमच्याकडे पोचली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

दरम्यान घरात वेगळीच तयारी चालली होती. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं होतं, की एक मुलगी यायची आहे, तिच्याशी जरा बसून बोलायचंय. सासूबाईंनी कांदे चिरायला घेतले. मला वाटलं, भोपाळच आहे, रविवारी पोहे होणारच, फार तर सोबत जिलबी येईल. माझ्या लक्षात आलं नाही की आमच्या यांचा पुतण्या नुकताच भेलमध्ये कायम झाला होता आणि सासूबाईंच्या डोक्यात एकाच प्रकारच्या मुली बसून बोलायला येतात.

नवी आली. पाणी प्यायली. मी फॉर्म काढला. हा फॉर्म वरून आलेला, त्यातले प्रश्न बदलायची मुभा नाही. मी वाचायला लागले, "आपकी मुख्य खूबियाँ क्या हैं? आपकी कमज़ोरियाँ? आनेवाले पाँच साल में आप खुद को कहाँ देखती हैं?" समोर पोह्यांची बशी, बशीवर खोबरं-कोथिंबीर, बशीमागे टक लावून बसलेल्या सासूबाई. मुलीने एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा पोह्यांकडे, आणि पदर नव्हता म्हणून ओढणी सावरली. सासूबाईंना माझे प्रश्न पसंत पडले नसावेत, कारण त्यांनी सूत्रं हातात घेतली. "कितने भाई-बहन? खाना बनाना आता है? घर पे कौन-कौन?"

आणि नवी बोलू लागली! महिनाभर 'जी मैडम'वर काढणाऱ्या त्या मुलीने सासूबाईंना सगळं सांगितलं. आजी गावात सुईण होती. बाप म्हणायचा मास्तरीण हो, हिने हट्ट करून नर्सिंग घेतलं. हॉस्टेलची खोली, मेसची पातळ डाळ. आणि मग, पोहे संपता संपता, हलक्या आवाजात: सुई टोचताना माझे हात कापतात. प्रॅक्टिकलला कापत नव्हते, तिथे रबरी हात होता. खऱ्या माणसाने हात पुढे केला की कापतात. आणि मॅडमसमोर जास्तच.

क्रॅमबाईंनी मेंटॉरची दोन कामं सांगितली आहेत, नोकरीत हात देणं आणि मनाला आधार देणं. दुसरं काम सासूबाईंनी खोबरं भुरभुरता भुरभुरता उरकलं होतं. मी फक्त फॉर्मचे रकाने भरले. मार्लिन क्रेमर यांनी 1974 सालीच 'रिॲलिटी शॉक' या पुस्तकात लिहून ठेवलंय, की शाळेत शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांच्यातली दरी पाहून नव्या मुली हादरतात. सुरुवातीचे मधुचंद्राचे दिवस सरले की हा धक्का बसतो. मधुचंद्रावरून आठवलं, तेवढ्यात सासूबाईंनी पुतण्याचा फोटो काढला, आणि मी मशागत तिथेच थांबवली.

नवीला सोडायला फाटकापर्यंत गेले तर शेजारच्या चेची कढीपत्ता तोडत होत्या. चेची म्हणजे मल्याळीत ताई. त्या निवृत्त नर्स आहेत आणि आमच्या रांगेतल्या सगळ्यांच्या, अगदी त्यांच्याहून थोरल्यांच्याही, चेची आहेत. मी आपलं ओळख करून दिली आणि, काय बुद्धी झाली, म्हटलं हिचे हात कापतात. नवीने मान खाली घातली. चेची म्हणाल्या, "मेरा भी काँपता था." मग त्यांनी 1984 च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. बेनरबाईंचं पुस्तक निघालं तेच साल. चेची तेव्हा नवख्या होत्या, हमीदियात. युनियन कार्बाइडचा गॅस सुटला त्या रात्री माणसं डोळे मिटून, एकमेकांच्या खांद्याला धरून येत होती. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गॅस कसला, त्यावर औषध काय, हे डॉक्टरांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. चेचींच्या शेजारी एक थोरल्या सिस्टर होत्या. त्या एवढंच म्हणत होत्या, "पानी डालो, आगे चलो." चेची त्यांच्या हातांकडे बघायच्या आणि तसंच करायच्या. डोळ्यांवर पाणी, पुढचा माणूस, पुन्हा पाणी. "सिखाया कुछ नहीं उन्होंने," चेची म्हणाल्या. "बाजू में खड़ी थीं." त्या सिस्टरांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कढीपत्ता घेऊन त्या आत गेल्या.

आता यातून जे कोणालाही कळलं असतं ते मला कळायला हरकत नव्हती. पण मी पाचव्या पायरीवर होते. मला वाटलं, हिचे हात कापतात कारण हिला कोणी एकेक टप्पा नीट फोड करून सांगितलेलाच नाही. मी प्रात्यक्षिक ठेवलं.

त्यासाठी नवीबरोबर एक मॉर्निंग हवी होती. ती मिळवायला मी एका सिस्टरची दिवाळीतली नाईट माझ्या गळ्यात घेतली. पेशंटही हेरून ठेवला. कारखान्याच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले एक दादाजी, हातावरच्या शिरा अशा ठसठशीत की लाईट गेली तरी वीगो लागावी. (सलाईनच्या कॅन्युलाला आम्ही वॉर्डात वीगो म्हणतो.) नर्सिंग कॉलेजच्या मुली त्या दिवशी वॉर्डात होत्या, त्यांनाही बोलावलं. प्रेक्षक असले की मला चढतं.

"देखो," मी सुरू केलं. "पहले टूर्निकेट, चार उंगली ऊपर. शीर हाताला लागली पाहिजे, नुसती दिसून उपयोग नाही. स्पिरिट लगाओ, सूखने दो, फूँक नहीं मारना. सुई का मुँह ऊपर. कोन पंधरा से तीस डिग्री." मी बोलत होते आणि माझे हात माझं ऐकत होते, हीच पंचाईत झाली. इतक्या वर्षांत त्यांना कोणी कोन विचारला नव्हता. पंधरा म्हणजे किती, तीस म्हणजे किती, अंगठा इथे असतो की तिथे, याचा मी विचार करू लागले आणि सुई त्वचेत शिरली ती भलत्याच कोणाच्या हाताने धरल्यासारखी. रक्त चेंबरमध्ये आलं नाही. शीर बाजूला सरकली. थोडी मागे घेऊन पुन्हा पाहिलं, तर फुगवटा आला. एवढ्या शिरा असलेल्या माणसाच्या हातावर मी शीरच नेमकी चुकवली होती.

कॉलेजच्या मुली वहीत काहीतरी लिहीत होत्या. काय लिहीत होत्या देव जाणे.

दादाजी शांतपणे म्हणाले, "सिस्टर, एक बार किताब में देख लो."

नियम असा, की एकीने दोनदाच प्रयत्न करायचा, तिसऱ्यांदा दुसरीला बोलवायचं. म्हणजे एक प्रयत्न उरला होता. कापूस दाबला, दुसरा हात घेतला, दुसरी वीगो फोडली, हातमोज्याच्या आत घाम. "तो पहले टूर्निकेट," मी पुन्हा म्हणू लागले. इतक्यात मागून आवाज आला.

"मैडम, आपने गाँव नहीं पूछा."

नवी. वॉर्डातलं तिचं आतापर्यंतचं सर्वांत लांब वाक्य.

"क्या?"

"आप सबसे पहले गाँव पूछती हैं."

मी? मला पत्ता नव्हता. पण आता दादाजीही माझ्याकडे बघत होते, म्हणून विचारलं, "दादाजी, गाँव कौन सा?" ते म्हणाले, बेगमगंजकडचे. मी म्हटलं, अरे, मग गहू कसा झाला यंदा? ते म्हणाले, गहू बरा, पण धाकटा भाऊ वाटणी करत नाही. मी म्हटलं, धाकटे भाऊ असेच. ते म्हणाले, त्याच्या बायकोचं खरं तर आहे हे सगळं. मी च्च् केलं. मग ते खिडकीकडे बघत भावजयीच्या माहेरचं काही सांगू लागले, आणि मी मायक्रोपोर लावत होते. सलाईन चालू झालं होतं.

कॉलेजची एक मुलगी पेन सरसावून म्हणाली, "मैडम, कितने डिग्री से गई?"

मी तिला चहा प्यायला पाठवलं.

तेव्हा कुठे मला पेन्सिलीची खूण आठवली. ड्रायफस बंधू वैमानिकांबद्दल जे सांगत होते ते माझ्याबद्दल सांगत होते, आणि मी त्याखाली रेघ मारून विमान जमिनीवर आपटलं होतं.

दुपारी नवीने आपली छोटी डायरी दाखवली. हँडओव्हरच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत, जेव्हा मी समजत होते की मार्गदर्शन काही घडत नाहीये, ती माझ्याकडे बघत बसायची. डायरीत 'मैडम की आई वी प्रोसीजर' असं शीर्षक, आणि खाली: गाँव पूछना. फसल या बच्चों की बात. 'च्च्' करना. मरीज खिड़की देखे तब सुई. 'मुंगी चावली, झालं झालं' बोलना. टूर्निकेटचा क्रमांक बराच खाली होता. कोन नव्हताच. पुढच्या पानावर माझ्या इतर पद्धती होत्या: गोळी दिल्यावर पेशंटचा ग्लास रिकामा झाला का ते बघणं, रात्री बॅटरी डोळ्यांवर न मारता छतावर मारणं. आणि तेवढ्याच सुवाच्य अक्षरांत: डॉक्टर फोन उचलत नसले की कपाळाला हात लावणं, नातेवाईक फार प्रश्न विचारू लागले की फाइल शोधायला जाणं. अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली लहान मुलांसमोर मोठ्यांकडून एका फुगीर बाहुलीला बदडून घेतलं, तर पोरांनीही ती तशीच बदडली. मूल बघून शिकतं ते निवडून शिकत नाही.

गेल्या दशकात उत्तर कर्नाटकातल्या आणि बिहारमधल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नर्स-मेंटॉर पाठवण्याचे प्रयोग झाले. या मेंटॉर केंद्रावर जाऊन तिथल्या सिस्टरांबरोबर प्रसूतिगृहातच उभ्या राहायच्या, बाळंतपण होताना शेजारी असायच्या, सराव करून घ्यायच्या. म्हणजे चेचींचं 'बाजू में खड़ी थीं'. एखाद्या सरकारी योजनेत कोणाला तरी आधी दोघींना एका शिफ्टमध्ये आणायचं सुचलं, याचं मला सिद्धांतांपेक्षा जास्त कौतुक वाटतं. मी हे मेट्रन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सूचना चांगली आहे, लेखी द्या. दिली. ती माझ्या रजेच्या अर्जाखाली ठेवली आहे.

नवीचे हात त्यानंतर कापले नाहीत असं नाही. पण आता ती आधी गाव विचारते. ते सांगण्यात पेशंट गुंततो की नवी गुंतते ते मला माहीत नाही, सुई मात्र जाते. फक्त ती रायसेनची मुलगी विदिशाच्या म्हातारीला टोचताना, माझ्याच हेलात, शुद्ध मराठीत "मुंगी चावली, झालं झालं" म्हणते, तेव्हा म्हातारीचे नातेवाईक आपसात विचारतात की ही औषधाचं नाव सांगतेय का.

मग मूल्यमापन आलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जी शाळा निघाली, तिथे दर महिन्याला प्रत्येक मुलीचा एक तक्ता भरत: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. आमचा फॉर्म पाहता मधल्या काळात फारसं काही घडलेलं दिसत नाही. कॅथलीन डफी यांनी 2003 साली ब्रिटनमध्ये अभ्यास करून दाखवलं, की मेंटॉर नापास करायला कचरतात. शिकवलं आपण, मग पाडायचं कोणत्या तोंडाने? त्या देशाने 2018 मध्ये हा गुंताच सोडवून टाकला: मेंटॉर हे पदच काढलं, शिकवणारी वेगळी आणि तपासणारी वेगळी केली. आमच्याकडे दोन्ही मीच, म्हणून नवीला सगळीकडे 'उत्तम'. 'कमतरता' या रकान्यात 'बोलत नाही' असं लिहिलं आणि खोडलं, कारण तोवर ती फोनवर सासूबाईंशी तासतासभर बोलत होती. माझ्याबद्दलचा फॉर्म तिने भरला. 'मेंटॉर की उपलब्धता' समोर लिहिलं होतं, 'चार्ट के अनुसार'. मुलगी सरकारी नोकरीत पुढे जाणार.

दिवाळीतली ती गळ्यात घेतलेली नाईट यथावकाश आलीच. बाहेर फटाके, आत निम्मा वॉर्ड जागा, आणि पाच नंबरचं बीपी तासातासाला बघायचं. कपाट उघडलं, 'खराब' लिहिलेलं मशीन काढलं, पट्टा बांधला, फुगा दाबला. हवा कुठून तरी फुस्स करून निघून गेली. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. शेजारच्या वॉर्डातून मशीन मागून आणलं (पाच मिनिटांसाठी), पाच नंबरचं बीपी घेतलं, ठीक होतं. मग नवीला फोन लावला. ती रायसेनला घरी होती, मागे लवंगी लागत होत्या.

"अगं, कपाटातलं मशीन चालत नाहीये."

"मैडम, वो 'खराब' वाला अब सच में खराब है. सबको पता चल गया था कि आपका 'खराब' ही अच्छा होता है. रोज़ कोई न कोई ले जाता था. इसलिए मैंने बदल दिया."

"तो अच्छा वाला कहाँ है?"

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग नवीचा दबका आवाज आला.

"मैडम, आप अकेली हैं ना? कोई सुन तो नहीं रहा?"